जेवणाआधी एक नवा माणूस

यंदा आमच्या चर्चच्या मंडळीत थर्माकोलचं झाड उभं केलंय. नवे पाळकसाहेब तरुण आहेत, कुठल्याशा शिबिराहून ही कल्पना घेऊन आले. प्रत्येकानं हिरव्या कागदाचं पान कापायचं, या वर्षात आपण कुणाला सुवार्ता सांगणार त्याचं नाव त्यावर लिहायचं आणि टाचणीनं झाडाला टोचायचं. पुढं त्या पानांचं काय होणार हेही त्यांनी समजावून सांगितलं, पण माझं लक्ष टाचण्यांकडे होतं. कुणाची जाऊ, कुणाचा दूधवाला, कुणाच्या ऑफिसातला शिपाई. ती माणसं आपापल्या घरी सुखानं चहा पीत असतील आणि इकडे त्यांना टोचून ठेवलंय. पाळकसाहेबांनी माझं पान मागितलं तेव्हा मी म्हटलं, साहेब, माझ्या झाडाला कीड लागून गेली. म्हातारीचा विनोद समजून ते हसले आणि पुढच्या बाकाकडे गेले.

त्यांना काय सांगणार? असलं एक झाड मी स्वतःच होते. त्याला पाहायचं म्हटलं की मला अजून तोंडावर पदर धरावासा वाटतो.

तेव्हा मी नुकती रिटायर झालेली, अठ्ठावन्न वर्षांची पोरगी होते. पोरगीच म्हणायचं, कारण अक्कल तेवढीच होती. सगळी नोकरी आरोग्यसेविका म्हणून झालेली. शेवटची नेमणूक तिसगावच्या बाजूला, म्हणून आम्ही नवराबायकोनं तिसगावातच दोन खोल्या बांधल्या. नोकरीत एकच गोष्ट अंगात मुरली, टार्गेट. लसीकरणाचं टार्गेट, तांबीचं टार्गेट, नसबंदीच्या ऑपरेशनच्या केसचं टार्गेट. मार्च एंड जवळ आला की मला माणसं दिसेनाशी व्हायची, नुसत्या केस दिसायच्या. तीन लेकरांची आई समोरून पाण्याचा हंडा घेऊन आली की ती बाई नव्हे, माझी बुडती नोकरी वाचवणारी फळी. शेजारच्या हद्दीतली केस माहेरचा पत्ता दाखवून आपल्या नावावर घातलेली बाई आहे मी. वरच्या साहेबांनी शाबासकीही दिली होती.

अशी बाई रिटायर झाली आणि नव्या वर्षाच्या उपासनेला जाऊन बसली. त्या वेळच्या पाळकांनी सांगितलं, प्रत्येकानं उभं राहून प्रभूच्या कामासाठी आपलं वैयक्तिक ध्येय सांगावं. एकजण म्हणाला, रोज एक अध्याय वाचीन. एक बाई म्हणाली, सुनेशी भांडणार नाही. तिला सगळे हसले. माझी पाळी आली तशी मी पदर खांद्यावरून घेतला, गळा साफ केला आणि म्हणाले, "रोज एका नव्या माणसाला प्रभूविषयी सांगितल्याशिवाय मी रात्रीच्या जेवणाला बसणार नाही."

सगळी मंडळी आमेन म्हणाली. बायका मागं वळून बघायला लागल्या. त्या वेळचा माझा आवाज आजही कानात आला तर अंगावर पाल पडल्यासारखं होतं. त्यात थोडी थरथर होती, ती मी मुद्दाम घातली होती.

आता खरी गंमत अशी की मला साखर होती. गोळी घेतल्यावर जेवण चुकवायचं नाही, हे मी गावोगाव लोकांना ओरडून सांगत फिरलेली. आमचे हे मास्तर होते, कमी बोलायचे. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, तू गोळी घे आणि जेव, प्रभू सकाळीसुद्धा घरीच असतो. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू तेच शास्त्रातले ढोंगी परूशी. ते आत गेले आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं. त्या सबंध काळात ते वेळेवर जेवले. माझ्यासमोर बसून, सावकाश, भाकरीचा पापुद्रा काढून.

पहिले काही आठवडे सोपे गेले. नर्सबाई म्हणून गाव ओळखत होतं, कुणाच्याही ओट्यावर बसलं तरी चहा मिळायचा. पण नवा माणूस रोज लागतो हो. तिसगाव काही मुंबई नाही. वाणी झाला, पिठाची गिरणी झाली, टपरीवाला झाला, शाळेतले गुरुजी झाले. मग एकदा सांगितलेली माणसं मला बघून आडवळणानं जायला लागली. ती तरी काय करतील? मी कशी बोलत असे ते ऐका. आधी तब्येत विचारायची. मग घरची अडचण काढून घ्यायची. अडचण हाती लागली की आवाज मधाळ करायचा, समोरच्याचा हात हातात घ्यायचा आणि एका दमात पाप, क्रूस, तारण सगळं सांगून मोकळं व्हायचं. सांगताना डोळे समोरच्याच्या डोळ्यात, मन चुलीवरच्या वांग्याच्या भाजीत. शेवटचं वाक्य तोंडातून निघालं की माझ्या जिभेला पाणी सुटायचं. लाळ गिळत तारणाची गोष्ट सांगणारी बाई. शी.

माणसं कमी पडायला लागली तशी मी मयतीला जायला लागले. हे लिहितानाही मला उठून चूळ भरावीशी वाटते. मयतीला पाव्हणे येतात, पाव्हणे म्हणजे नवी माणसं. कुणाचा म्हातारा गेला असं कानावर आलं की माझ्या मनात पहिला विचार यायचा, आज जेवण लवकर. एकदा एका घरी नगरहून आलेला जावई भिंतीला टेकून रडत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याला वाटलं, सासूची कुणी मैत्रीण असेल, पाठीवरून हात फिरवायला आली. त्यानं डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. मी त्याचं डोकं तसंच राहू दिलं आणि माझं पाठ केलेलं बोलून टाकलं. त्यानं डोकं उचललं, नाक पुसलं आणि उठून पलीकडच्या भिंतीला जाऊन बसला. मी घरी आले आणि पोटभर जेवले. दोन वेळा भात घेतला.

घोडेगावच्या बाजाराचीही कथा आहे. आमच्या शेजारच्या वहिनींना तिकडे गाय विकायची होती. वहिनी म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेलं घर, शेती, दोन गाई, मुलगा-सून. मी टेम्पोत त्यांच्याबरोबर चढले. जनावरांचा एवढा मोठा बाजार, लांबलांबून आलेले व्यापारी, एकही ओळखीचा नाही. माझ्या दृष्टीनं तो माणसांचाच बाजार होता. एका म्हशीजवळ एक पागोटेवाला उभा दिसला. मी जवळ गेले, तब्येत विचारली आणि सवयीनं त्याचा हात हातात घेतला. तिथं व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव करतात, हे मला ठाऊक होतं, पण तेवढ्यापुरतं डोक्यातून गेलं. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या हातांवर टाकला. मी प्रार्थनेच्या भरात त्याची बोटं दाबत राहिले आणि तो गंभीरपणे मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, मावशी, एवढ्यात न्हाई परवडत, पर तुमचं मन हाय तर घ्या. वहिनी पलीकडे गाईचं दावं धरून उभ्या होत्या. त्या खाली बसल्या आणि तोंडात पदर कोंबून हसल्या. परतताना टेम्पोत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या दिवशीचा माणूस मात्र मी मोजला. म्हशीच्या भावात ऐकलं असेल, पण ऐकलं.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी नवा माणूस मिळेना. वस्तीवर गेले, तिथं कुणी नव्हतं. स्टँडवर गेले, गाडी येऊन गेली होती. गोळी मी घेतलेली, कारण गोळी चुकवायची नाही ही माझी शिस्त. परत येताना घाम फुटला, हात कापायला लागले, मला कळत होतं काय होतंय. लोकांना शिकवलेलं सगळं आठवत होतं. तरी मी घरात शिरून साखरेचा डबा उघडला नाही. अंगणात उभी राहून रस्त्याकडे बघत होते, कुणी येतंय का. मग अंगणच वर आलं.

डोळे उघडले तेव्हा तोंडात गूळ होता आणि वहिनींची दोन बोटं. मास्तर माझे पाय धरून बसलेले. वहिनींनी त्यांना विचारलं, ह्या का जेवल्या नव्हत्या. त्यांनी सगळं सांगितलं. मी पडल्या पडल्या ऐकत होते आणि खरं सांगते, मला अभिमान वाटत होता. गूळ चघळत मी मनात मंडळीपुढं द्यायची साक्ष जुळवायला घेतली होती, की प्रभूच्या कामात देह झिजवताना मी कशी कोसळले.

त्यानंतर चमत्कार सुरू झाला. दिवेलागण झाली की कुणीतरी आपणहून माझ्या दारात यायचं. कधी वहिनींच्या सुनेचा भाऊ, कधी कांद्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर, कधी कोयता घेऊन कारखान्याकडे निघालेलं जोडपं. यायचे, ओट्यावर बसायचे, हात जोडून म्हणायचे, सांगा बाई. मी सांगायचे. ते शेवटपर्यंत ऐकायचे, मधेच उठायचे नाहीत, वाद घालायचे नाहीत. ऐकून झालं की नमस्कार करून जायचे.

तुम्हाला आधीच सांगून टाकते, मला कळायला फार उशीर लागला. हा चमत्कार वहिनींचा होता. रोज कुणी ना कुणी पाव्हणा, गडी, वाटसरू पकडून त्या माझ्याकडे धाडत होत्या. जसं दुपारी ताकाचा तांब्या धाडायच्या, तसं संध्याकाळी एक माणूस. मला मात्र वाटत होतं, गावाला तहान लागलीय.

हंगामाच्या सणाला, म्हणजे नवं पीक प्रभूला वाहतात त्या दिवशी, मी मंडळीत उभी राहिले. लोकांनी आमच्या प्रभूच्या देवळात आणलेली बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या मागं लिलावासाठी मांडून ठेवलेल्या, आणि मी पुढं उभी राहून सांगतेय की ती पिकं काहीच नाहीत, खरं पीक माझ्या ओट्यावर येतंय, गावाला प्रभूची तहान लागलीय. एक कोंबडी मधेमधे ओरडत होती. त्या सबंध सभेत शहाणी तीच. पाळकांना गहिवरून आलं. त्यांनी दुसऱ्या गावच्या मंडळ्यांत माझं उदाहरण दिलं, आणि एक दिवस निरोप पाठवला की नगरहून पाहुणे येणार आहेत, त्यांना हे संध्याकाळचं काम डोळ्यांनी बघायचंय.

मी घर सारवल्यासारखं पुसून काढलं. नवी साडी नेसले. पाहुणे आले, खुर्च्यांवर बसले, पाळक दारापाशी. दिवेलागणीला एक म्हातारा काठी टेकत आला. शेवगावच्या बाजूचा, वहिनींचा चुलतमामा, हे मला मागून कळलं. त्याला नीट ऐकू येत नव्हतं. मी मोठ्यानं, सावकाश, पाहुण्यांकडेही तोंड ठेवून सगळं सांगितलं. इतकं छान मी कधी बोलले नव्हते. संपल्यावर मी त्याला विचारलं, बाबा, तुमच्या मनाला काय वाटतं?

म्हाताऱ्यानं काठी उचलली. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं गावभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "झालं नव्हं? मग बसा आता जेवाया. भाची म्हनली, म्हातारीचं ऐकून घेतलं की तिचा उपास सुटतो. मला बी उशीर व्हतोय."

कुणी हसलं नाही, हेच जास्त वाईट. पाळक आपल्या बुटांकडे बघत राहिले. एका पाहुण्यानं खोकून चहा फार चांगला झालाय असं सांगितलं. चहा अजून दिला नव्हता. आतल्या खोलीत मास्तरांना ठसका लागला तो गाडी जाईपर्यंत थांबला नाही.

पाहुण्यांची गाडी वळली तशी मी तरातरा वहिनींच्या गोठ्यात गेले. त्या धार काढत होत्या. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, माझी मलाच लाज नाही, ओकारी येते. तुम्ही माझ्या देवाची चेष्टा केली म्हणाले. चार लोकांत माझं नाक कापलं म्हणाले. चार लोकांत माझं नाक, हे माझ्या देवाच्या आधी आलं की नंतर, ते आता आठवत नाही. आठवत नाही म्हणजे आठवतं.

वहिनींनी धार थांबवली नाही.

"चेष्टा कशाची, नर्सबाई? उपास कुनाचा बी आसू, सुटाया पायजे. आमी चंद्राची वाट बघतो, तुमी मान्साची बघता. चंद्र धाडता येत न्हाई, मानूस धाडता येतो."

मी म्हणाले, हा उपास नाही, हे ध्येय आहे.

"आसंल. पर अंगनात पडला ते उपाशीच पडला."

मी म्हणाले, उद्यापासून माझ्याकडे कुणाला पाठवायचं नाही. बरं, म्हणाल्या. त्यांनी शब्द पाळला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली, मी ओट्यावर येऊन बसले, आणि गावाची तहान किती ते मला कळलं. कुणी आलं नाही. स्टँडवर गेले तर बाकावर बसलेल्या एका माणसानं मला येताना पाहिलं आणि आपली पिशवी उचलून माझ्या बाजूला ठेवली. मी बसू नये म्हणून. एका शेंगदाणेवाल्याला मी पाव किलो शेंगा घेऊन थोडं सांगितलं आणि त्यावर जेवले. पुढच्या संध्याकाळी एका फोनवर बोलणाऱ्या मुलीला सांगितलं, ती फोनवरच हो हो म्हणत होती, मला की पलीकडच्याला देव जाणे. असे काही दिवस काढले. मास्तर आता माझ्यासमोर जेवायचे नाहीत, आत जाऊन जेवायचे. वहिनींच्या भिंतीकडे मी बघायचे नाही. भांड्यांचे आवाज तेवढे यायचे.

मग आभाळ भरून आलेली एक संध्याकाळ. रस्त्यावर कुत्रं नाही. गोळी पोटात, हात गार पडायला लागलेले, आणि मी पुन्हा ओट्यावर. वहिनी आल्या. हातात ताट, ताटावर दुसरं ताट पालथं. त्या माझ्याशेजारी ओट्यावर बसल्या, ताट मधे ठेवलं, गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, सांगा.

मी म्हणाले, वहिनी, तुम्ही चालत नाही, नवा माणूस लागतो.

"मग मी जुनी कवा झाले? मला कंदी सांगितलंत? गडी ऐकून गेले, पाव्हणे ऐकून गेले, मामा बी ऐकून गेला. मी धाडून द्यायचे न् धारंला बसायचे."

मी आठवून पाहिलं. खरंच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं भिंतीला भिंत, आणि या बाईला मी एक शब्द सांगितला नव्हता. का, तेही मला तिथंच, त्या ओट्यावर कळलं. आम्ही नर्सा एक हमखास केस मार्च एंडसाठी राखून ठेवायचो. ती कुठं पळून जात नाही, टार्गेट कमी पडलं तर काढायची. वहिनींना मी तसंच राखून ठेवलं होतं.

तोंड उघडलं तर पाठ केलेलं काही येईना. आवाज मधाळ होईना. त्यांचा हात हातात घ्यायची हिंमत झाली नाही. शेवटी एक गोष्ट आठवली तशी सांगितली. एका मोठ्या माणसाची मुलगी गेलेली असते. घरात रडारड चाललेली असते. प्रभू आत जातो, तिचा हात धरतो, तिला ऊठ म्हणतो. ती उठते. मग तो घरच्यांना सांगतो, हिला काहीतरी खायला द्या. हे शेवटचं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. उठली एवढं झालं की माझं काम संपायचं.

वहिनींनी विचारलं, "मग काय दिलं खायाला?"

मी म्हणाले, माहीत नाही, लिहिलेलं नाही.

"उठल्या उठल्या भाकर जायाची न्हाई. पेज दिली आसंल. आईला ठावं आसतं." त्यांनी वरचं ताट उचललं आणि खालचं माझ्याकडे सरकवलं. पिठलं गार होऊन वर पापुद्रा आलेला, भाकरीच्या कडा कडक झालेल्या. मी जेवले. चव लागली नाही असं लिहिलं तर शोभेल, पण लागली. भूक लागलेल्या जनावरासारखी मी जेवले, बोटं चाटली, आणि त्या बाईसमोर बसून मला स्वतःची इतकी किळस आली की पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवायला धीर होईना.

वहिनींनी रिकामं ताट उचललं. उद्या कुणाला धाडू का, असं विचारलं. मी मान हलवली, नको म्हणून. मग तोंडातून निघून गेलं, तुम्हीच येत जा.

"रोज न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या, "धारा आसत्यात. आन् तुमी माझी वाट बघत उपाशी बसला तर अजिबात यायची न्हाई."

त्या रात्री मी आत जाऊन मास्तरांना सांगितलं, ध्येय सोडलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्या हनुवटीला लागलेलं पिठलं पाहिलं आणि पुन्हा वर्तमानपत्र वर घेतलं. पुढच्या रविवारी पाळकांनाही सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, मग गावाच्या तहानेचं काय? मी म्हणाले, गाव आपलं वेळेवर जेवतंय, मीच उशीर करत होते.